युद्धनौका व्यापारी नियमांनी बांधली, तर पाणी नेमकं कुठे मुरतं?

खलाशी_खिचडी:
मंडळी, डोक्यातला एक गुंता सोडवून हवा आहे.

जून २०२५मध्ये आयएनएस अर्नाळा नौदलात दाखल झाली. ७७ मीटर लांब, उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणारी, डिझेल इंजिन आणि वॉटरजेटवर चालणारी. नाव वसईजवळच्या आपल्या किल्ल्याचं, म्हणून बातमी जरा प्रेमाने वाचली. त्यात एक वाक्य होतं की नौकेची रचना आणि बांधणी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगच्या (जहाजांची रचना-बांधणी तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था) क्लास नियमांनुसार झाली आहे. खाली लगेच शेरा: "म्हणजे मालवाहू जहाजाच्या नियमांनी. स्वस्तात उरकलंय."

आता दुसरी बाजू. ब्रिटिशांनी एचएमएस ओशनचा सांगाडा क्लाइड नदीवरच्या गोव्हनच्या यार्डात व्यापारी मानकांवर बांधून घेतला, मग बॅरोला नेऊन लष्करी साज चढवला. १९९८ला सेवेत आली, २० वर्षं राबली, २०१८ला ब्राझीलला ८.४ कोटी पौंडांना विकली. आजही ती तिकडे 'अटलांटिको' म्हणून फिरते आहे. म्हणजे चाललं की!

तर फरक नेमका कशात? पत्र्याच्या जाडीत, पोलादात, की नुसत्या कागदांत? पैसे कुठे वाचवले तर चालतं आणि कुठे वाचवले तर अंगाशी येतं?

लोहारकाम:
जाडीपासूनच सुरुवात करू, कारण तिथेच सगळ्यांची गल्लत होते. युद्धनौकेचा पत्रा जाड नसतो, पातळ असतो. मोठ्या टँकरच्या तळाला आणि बाजूला साधारण १५ ते २० मिमी प्लेट लागते. फ्रिगेटला बऱ्याच ठिकाणी ६ ते १० मिमी. टँकरच्या जाडीत गंजासाठीची शिल्लक धरलेली असते, जागेनुसार २ ते ४ मिमी. पंचवीस वर्षं खारं पाणी खात राहिलं तरी शेवटी पुरेसं पोलाद उरलं पाहिजे, हा हिशेब. युद्धनौकेला वेग हवा, वर रडार आणि क्षेपणास्त्रांचं वजन हवं, म्हणून ही शिल्लक जवळपास नसतेच. तिथे रंग आणि देखभाल यांच्यावर भिस्त.

मग ताकद येते कुठून? तर जवळजवळ बसवलेल्या स्टिफनरमधून (पत्र्याला मागून जोडलेल्या पोलादी पट्ट्यांमधून) आणि पोलादाच्या चिवटपणातून. व्यापारी जहाजात सर्रास चालणाऱ्या एएच३६ पोलादाची यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं तो) ३५५ मेगापास्कल आणि आघात चाचणी ० अंशाला. डीएच३६ची यील्ड तीच, चाचणी उणे २० अंशाला, ३४ ज्यूल. आपल्या युद्धनौकांच्या डीएमआर २४९ए पोलादाची यील्ड ३९०, म्हणजे फार काही जास्त नाही. पण चाचणी उणे ६० अंशाला आणि ७८ ज्यूल. अरबी समुद्रात उणे ६० कशाला, असं कोणी विचारेल. थंडीसाठी नाहीच ते. स्फोटाचा दाब मिलिसेकंदांत येतो आणि इतक्या झपाट्याने भार आला की कमी चिवट पोलाद थंडीत वागतं तसंच वागतं, वाकायच्या ऐवजी फुटतं.

पातळ पत्र्याची डोकेदुखी बांधताना कळते. ६ मिमी प्लेटला स्टिफनर जोडायला ४ मिमी लेगचा फिलेट (कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड, लेग म्हणजे त्याची बाजू) पुरतो. वेल्डरने "जरा भक्कम" म्हणून ६ मिमीचा मारला तर भरलेलं धातू सव्वादोन पट होतं. उष्णताही त्याच प्रमाणात जाते आणि दोन स्टिफनरमधला पत्रा आत बसतो. बाजूने उन्हात पाहिलं की उपाशी घोड्याच्या बरगड्या दिसतात. मग तो सरळ करायला लाइन हीटिंग, म्हणजे पत्रा रेषेरेषेने तापवणं. ते जास्त तापलं की ज्या चिवटपणासाठी पैसे मोजले तोच जातो. इलेक्ट्रोडचंही तसंच. ३०० ते ३५० अंशांना बेक करून गरम क्विव्हरमधून (रॉड ठेवायच्या डब्यातून) काढायचा आणि वापरायचा. पावसाळ्यात मुंबईत उघडा पडलेला रॉड लावला की हायड्रोजन आत गेला समजा. भेग लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी उमटते. म्हणून अशा पोलादाची तपासणी वेल्ड थंड झाल्या झाल्या न करता ४८ तास थांबून करतात. यार्डाच्या वेळापत्रकाला हे ४८ तास नेहमी टोचतात.

टपोरी_टॉर्पेडो:
म्हणजे युद्धनौका हा पत्र्याचा डबा आणि टँकर ही बिडाची कढई?

शॉकप्रूफ:
टॉर्पेडोभाऊ, गंमत केलीत पण बोट बरोबर ठेवलंत. बीड हाच खरा मुद्दा आहे.

पाण्याखाली सुरुंग किंवा टॉर्पेडो जहाजाला न चिकटता फुटला तर पत्र्याला भोक पडेलच असं नाही. पाणी दबत नाही, त्यामुळे धक्का जसाच्या तसा तळाला लागतो आणि सगळं जहाज काही मिलिसेकंदांत वर उचललं जातं. पत्रा वाकून निभावतो. आतला बिडाचा पंप निभावत नाही. त्याचा पाया जहाजाबरोबर वर जातो, धड जागेवर राहू पाहतं आणि पायाशीच कटकन तुटतं. एचएमएस बेलफास्टला नोव्हेंबर १९३९मध्ये चुंबकी सुरुंग लागला. बाहेरचं भोक लहानच होतं, पण कणा मोडला आणि यंत्रं निकामी झाली. जहाज परत सेवेत यायला १९४२ उजाडलं.

तेव्हापासून लष्करी मानकांत करडं बीड जवळपास हद्दपार आहे. झडपा गनमेटल, निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ किंवा ओतीव पोलादाच्या. व्यापारी नियमही आंधळे नाहीत. जहाजाच्या बाजूला थेट समुद्राशी जोडलेल्या झडपेत करडं बीड क्लासलाही चालत नाही, एसजी आयर्न (चिवट केलेलं बीड) किंवा पोलाद लागतं. पण आतल्या पंपांची केसिंग, इंजिनावरचे ब्रॅकेट, एसी कॉम्प्रेसर इथे बीड बिनधास्त असतं. कॅटलॉगातून उचललेलं "मरीन ग्रेड" यंत्र इथेच फसवतं.

चाचणी कशी होते तेही सांगतो. अमेरिकी मानक ९०१ घ्या, जगभर त्याच्याच आवृत्त्या चालतात. २५० किलोपर्यंतच्या उपकरणाला हलकं यंत्र: १८१ किलोचा हातोडा, १, ३ आणि ५ फुटांवरून, तीन दिशांनी, असे एकूण नऊ घाव. त्याच्या वर ३,३५० किलोपर्यंत मध्यम यंत्र, हातोडा १,३६० किलोचा. त्याहून जड असेल तर तरंगत्या बार्जमध्ये उपकरण बसवायचं आणि पाण्यात ७.३ मीटर खोल २७ किलोचा स्फोटक बार उडवायचा, आधी ४० फुटांवर, मग ३०, २५ आणि शेवटी २० फुटांवर. उपकरण चालू स्थितीत ठेवून. ग्रेड एला धक्क्यानंतर काम करता आलं पाहिजे. ग्रेड बी बंद पडलं तरी चालेल, पण सुटून कोणाच्या डोक्यात जाता कामा नये.

दर्यावर्दी:
हे सगळं ठीक, पण मला एक उत्तर द्या. २४ जुलै १९८७, इराण-इराक युद्ध. अमेरिकी नौदल कुवेतचे टँकर संरक्षण देऊन आखातातून नेत होतं. पहिल्याच काफिल्यात 'ब्रिजटन' नावाचा चार लाख टनी टँकर सुरुंगावर गेला. भोक पडलं, टाक्यांत पाणी शिरलं आणि गडी तसाच पुढे चालत राहिला. पुढची गंमत म्हणजे संरक्षण द्यायला आलेल्या युद्धनौका त्याच्या मागे रांगेत लागल्या. आणखी सुरुंग असेल तर टँकरनेच झेलावा म्हणून!

लष्करी मानकं इतकी भारी, तर मागे कोण होतं?

टपोरी_टॉर्पेडो:
वरातीमागून घोडं ऐकलं होतं, घोड्यामागून वरात पहिल्यांदाच पाहिली.

गोदीकाठ:
दर्यावर्दी, उदाहरण खरं आहे, पण ते मानकाचं नाही, आकाराचं आहे. चार लाख टनी टँकरची एकेक टाकी अख्ख्या फ्रिगेटपेक्षा जास्त पाणी घेते आणि तरी त्याचं बूड हलत नाही. माल कच्चं तेल, लवकर स्फोट न होणारं. इंजिन एका टोकाला, सुरुंग दुसऱ्या टोकाला.

हाच व्यापारी नियम युद्धसामग्री भरलेल्या जहाजाला लावून पाहा. फॉकलंड्सच्या युद्धात २५ मे १९८२ला अटलांटिक कन्व्हेयरला दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रं लागली. मूळचं कंटेनर आणि रो-रो जहाज. गाड्या चढवता याव्यात म्हणून आतले डेक लांबच लांब, मध्ये आडव्या भिंती नाहीत. त्यात इंधन, दारूगोळा, हेलिकॉप्टरं. आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला अडवणारं काही नव्हतंच. १२ जण गेले, एक सोडून सगळी चिनूक हेलिकॉप्टरं जळाली आणि ब्रिटिश सैनिकांना स्टॅन्लीच्या दिशेने पायी चालावं लागलं.

आता अमेरिकी फ्रिगेट सॅम्युएल बी. रॉबर्ट्स, १४ एप्रिल १९८८, तेच आखात, तसाच सुरुंग. चार हजार टनी जहाज, कणा मोडला, इंजिनरूममध्ये पाणी, वरचा ॲल्युमिनियमचा भाग तडकलेला. पोरांनी पोलादी दोरांनी तडे आवळून बांधले, आग आणि पाणी दोन्हींशी झुंजले आणि जहाज वाचलं. ब्रिजटनच्या शतांश आकाराचं जहाज होतं हे लक्षात घ्या.

नीरजा_स:
मूळ धाग्यातल्या शेऱ्याबद्दल. "क्लास नियम" म्हणजे "मालवाहू जहाजाचे नियम" हे समीकरणच चुकीचं आहे. पूर्वी नौदलं स्वतःच नियम लिहायची, स्वतःच तपासायची. शीतयुद्ध संपल्यावर तांत्रिक खात्यांतली माणसं कमी झाली आणि ते काम वर्गीकरण संस्थांकडे गेलं. लॉइड्सने नौदलासाठी वेगळी नियमावली काढली, अमेरिकन ब्युरोने २००४मध्ये नेव्हल व्हेसल रूल्स आणले, आपल्या पवईच्या आयआरएसचीही (तीच इंडियन रजिस्टर) लढाऊ नौकांसाठी स्वतंत्र नियमावली आहे. त्यामुळे क्लास म्हटलं की पहिला प्रश्न: कुठली नियमावली आणि कुठलं नोटेशन (नौका कशासाठी तपासली ते सांगणारी प्रमाणपत्रावरची खूण)?

दुसरं असं की सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातून युद्धनौका आणि सैनिकवाहू जहाजं पहिल्याच प्रकरणात वगळली आहेत. म्हणजे बुडाल्यावर किती लाइफबोटी, आग लागल्यावर कुठला दरवाजा, यातलं काहीही युद्धनौकेला कायद्याने लागू नाही. ती पोकळी भरायला नाटोने नेव्हल शिप कोड आणला.

क्लास काय बघतो? सांगाड्याची ताकद, स्थिरता, मुख्य यंत्रं, वीज, आग. धक्का, आवाज, चुंबकी ठसा, अणु-जैविक-रासायनिक संरक्षण, शस्त्रांचे पाये हे नौदल आपल्या मागणीपत्रात टाकतं आणि आपल्याकडे यार्डात बसलेलं नौदलाचं देखरेख पथक ते वसूल करतं. एकाच नौकेवर दोन तपासनीस असतात. भांडणं होतात ती दोघांच्या मधल्या जागेत, क्लास म्हणतो हे नौदलाचं, नौदल म्हणतं हे क्लासने पाहिलं असेल.

आणि एक कटू गोष्ट. आगीच्या बाबतीत बरेच नागरी नियम लष्करी प्रथेपेक्षा पुढे आहेत. १९९०मध्ये स्कँडिनेव्हियन स्टार या फेरीवर १५९ माणसं गेली, त्यानंतर पॅनेल, पडदे, गालिचे, दरवाजे, स्प्रिंकलर सगळ्यांवर कडक नियम आले. युद्धनौकेवर रंगाचे थरावर थर चढत राहतात आणि तो रंग हेच इंधन असतं.

विद्युल्लता:
नीरजाताईंशी ९० टक्के सहमत. पण नागरी नियमांतली आग अडवणारी ए-६० भिंत म्हणजे काय ते एकदा उघडून बघू. भट्टीत ठरलेल्या तापमान-वक्राप्रमाणे ६० मिनिटं तापवायचं, पलीकडच्या बाजूचं सरासरी तापमान १४० अंशांहून जास्त आणि कुठल्याही एका ठिकाणचं १८० अंशांहून जास्त वाढता कामा नये. हा वक्र केबिनमधल्या लाकूड-कापडाच्या आगीवर बेतलेला आहे. न जळलेलं रॉकेट-इंधन आत सांडलं तर पहिल्या काही मिनिटांतच तापमान त्या वक्राच्या बरंच वर जातं. आणि भट्टीतल्या नमुन्याला आधी कोणी स्फोटाने हलवलेलं नसतं. इन्सुलेशनच्या पिना उडाल्या की ए-६० फक्त नावाला.

फॉकलंड्सच्या युद्धातल्या एचएमएस शेफिल्डचा धडा हाच. ४ मे १९८२ला एक्झोसेट लागलं आणि फायरमेन (आग विझवायच्या पाण्याचा मुख्य पाइप) तुटला. व्यापारी जहाजाला सोलासप्रमाणे मुख्य पंप आणि वेगळ्या जागेत एक आणीबाणीचा पंप पुरतो. तिथे गृहीत असं धरलेलं असतं की आग एकाच जागी लागेल आणि पाइप शाबूत राहील. लढाईत पाइपच पहिला जातो. म्हणून युद्धनौकेवर फायरमेन कडं करून फिरवतात, प्रत्येक अग्निविभागात स्वतःचा पंप, मध्ये तोडायच्या झडपा. तुटका तुकडा वेगळा काढला की बाकी कडं जिवंत. झडप नुसती बसवून भागत नाही, ती अंधारात, धुरात, हाताने फिरवता येईल अशा उंचीवर हवी. वर केबल ट्रे आडवा टाकलेला असला की चाक अर्धंच फिरतं. ड्रॉइंगवर हे कधीच दिसत नाही.

शेफिल्डवर काळा विषारी धूर पसरला, त्यात पीव्हीसी केबलचा मोठा वाटा होता. त्यानंतर कमी धुराच्या, हॅलोजनमुक्त केबल आल्या. हे मात्र आता नागरी जहाजांतही मिळतं, इथे वेगळं लष्करी काही उरलेलं नाही.

आता माझा आवडता विषय: केबल ट्रान्झिट. जलरोधक भिंतीतून ४० केबल जातात तिथे एक चौकट वेल्ड करतात आणि प्रत्येक केबलभोवती तिच्या व्यासाचे रबरी ठोकळे बसवून वरून वेज (पाचर) दाबतात. केबलचा व्यास आणि ठोकळ्याचं भोक यांत मिलिमीटरभरही ढिलाई चालत नाही. नौका सोपवून झाल्यावर कोणीतरी सीसीटीव्हीची एक जास्तीची केबल ओढतं. चौकट उघडायचा कंटाळा, म्हणून शेजारी २० मिमीचं भोक पाडून त्यात फोम भरतं, वरून रंग. प्रमाणपत्र जागेवर, भिंत मात्र चाळण.

पाईपवाला:
विद्युल्लता, तुमच्या चाळणीला साक्षीदार आणतो. नॉर्वेची फ्रिगेट हेल्गे इंगस्टाड.

८ नोव्हेंबर २०१८ची पहाट. सोला टीएस हा टँकर स्टुरेच्या टर्मिनलवरून भरून निघालेला. फ्रिगेट १७ नॉटच्या आसपास वेगाने आली आणि उजवी बाजू साधारण ४५ मीटर चिरली गेली. टँकरला फक्त ओरखडा. ही नौका काही व्यापारी नियमांची नव्हती, स्पेनच्या फेरोलला बांधलेली, पूर्ण लष्करी मानकांची.

बाजू फाटल्यावर तीन कप्प्यांत पाणी गेलं: मागचं जनरेटर रूम, खलाशांची राहायची जागा आणि भांडार. तेवढं असतं तर नौका तरंगली असती. पण पाणी चौथ्या कप्प्यात, गिअर रूममध्ये दिसायला लागलं. कुठून? प्रोपेलर शाफ्ट पोकळ असतो, त्याच्या आतून पाणी भिंतीपलीकडे गेलं. भिंत शाबूत, शाफ्ट शाबूत, पण शाफ्टच्या पोटातूनच वाट! गिअर रूम भरल्यावर शाफ्ट जिथून इंजिनरूममध्ये जातात तिथल्या भिंतीतल्या स्टफिंग बॉक्सनीही पाणी धरलं नाही. एकेक करत इंजिनरूम गेल्या.

स्टफिंग बॉक्स म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीचं पॅकिंग. नेहमी फिरताना तापू नये म्हणून थोडं ढिलं ठेवतात. कप्पा भरला की त्याने घट्ट बसायला हवं. हे कसोटीला लावायचं म्हणजे एका बाजूला खरोखर पाणी भरून दुसऱ्या बाजूने गळती मोजायची. बहुतेक ठिकाणी भिंतीची हवेच्या दाबाने चाचणी होते ती शाफ्ट बसवायच्या आधी. मग पेनेट्रेशनची, म्हणजे भिंतीतल्या त्या आरपार जागेची, चाचणी कोण करणार?

चौकशीच्या दुसऱ्या अहवालात आणखी एक गोष्ट आली. सोडून जाताना दारं-हॅच उघडी राहिली होती. बंद केली असती तर नौका बुडण्यापासून वाचू शकली असती.

वाचनमात्र:
अनेक वर्षं फक्त वाचतोय, आज खास लॉगिन केलं. पोकळ शाफ्टचं वाचून पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोकडेही संशयाने बघतोय. धागा वाचनखुणेत.

दर्यावर्दी:
बघा, म्हणजे पूर्ण लष्करी मानकांची नौका टँकरशी टक्कर झाल्यावर बुडाली. आणि आपल्याकडचं विसरलात का? गोव्याजवळ एप्रिल २००६मध्ये आयएनएस प्रहार एका मालवाहू जहाजाला धडकून बुडाली. ३० जानेवारी २०११ला मुंबई बंदराच्या तोंडाशी आयएनएस विंध्यगिरी आणि नॉर्डलेक. दोन्ही वेळा व्यापारी जहाज तरंगत घरी गेलं. माझा मुद्दा कायम आहे.

गोदीकाठ:
टक्करीत लहान आणि पातळ पत्र्याचा हरणारच, लोहारकाम यांनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय ते. बैलगाडी आणि ट्रकची टक्कर झाली म्हणून बैलगाडी चुकीच्या मानकांनी बांधली असं आपण म्हणत नाही.

विंध्यगिरीचा मामला मात्र वेगळा आणि शिकण्यासारखा आहे. ती टक्करीने लगेच बुडाली नाही. आग लागली, ती विझवायला पाणी मारलं आणि दुसऱ्या दिवशी धक्क्याला लागलेली नौका कलून बुडाली. १९४२ला न्यूयॉर्कला नॉर्मंडी हे प्रवासी जहाज असंच आडवं झालं होतं. वरच्या डेकवर साचलेलं पाणी कलतं तिकडे धावतं आणि त्याचा परिणाम त्या जागेच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. मध्ये एक उभी भिंत घातली तर परिणाम चौथ्या हिश्शावर येतो. मग घाला की भिंत! पण युद्धनौकेत ती टाळतात, कारण एका बाजूला भोक पडलं तर पाणी एकाच बाजूला अडकतं आणि नौका तिकडे झुकते. म्हणून वरच्या डेकवर पाणी खाली सोडणारे ड्रेन आणि कप्प्यात पाणी उपसणारे एडक्टर. आणि ते ड्रेन जळक्या गादीच्या चिंध्यांनी तुंबतात, हे प्रत्येक वेळी होतं.

लष्करी बाजूचा खरा आकडा हवा असेल तर हा घ्या: अमेरिकी नियमात ३०० फुटांवरच्या लढाऊ नौकेने लांबीच्या १५ टक्के भाग फाटला तरी तरंगलं पाहिजे. १०० ते ३०० फुटांत लागून असलेले कुठलेही दोन कप्पे. मालवाहू जहाजाला सोलास संभाव्यतेचा हिशेब लावतं, काही ठिकाणी फाटलं तर बुडेल हे गृहीत धरून बाकी गुण पुरेसे भरले की पास.

लोहारकाम:
@दर्यावर्दी, आणि सगळीकडे लष्करी मानक लावल्याने काय होतं याचंही उदाहरण आहेच. अमेरिकेची कॉन्स्टेलेशन फ्रिगेट. इटालियन 'फ्रेम' (FREMM) वर्गाच्या नौकेचं तयार ड्रॉइंग घ्यायचं, ८५ टक्के तेच ठेवायचं, असं ठरलं होतं. मग अमेरिकी बचावक्षमतेचे निकष एकेक करून घुसवत गेले, लांबी वाढली, वजन वाढलं, साम्य १५ टक्क्यांच्या खाली आलं. ड्रॉइंग पूर्ण नसताना प्लेट कापायला घेतल्या. तीन वर्षं उशीर आणि नोव्हेंबर २०२५मध्ये पहिल्या दोन सोडून पुढच्या चार रद्द.

त्याआधीची उलटी चूक म्हणजे एलसीएस (किनाऱ्याजवळ लढायच्या अमेरिकी लिटोरल कॉम्बॅट शिप). इंडिपेन्डन्स ही ॲल्युमिनियमची, तीन सांगाड्यांची नौका, वॉटरजेटचे भाग पोलादाचे. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच. त्यात कॅथोडिक संरक्षण (धातू असं खाल्लं जाऊ नये म्हणूनची सोय) बसवलेलंच नव्हतं. २०११ला ॲल्युमिनियम खाल्लं गेलेलं सापडलं.  हे लष्करी-व्यापारी भांडण नव्हतं, साधी शिस्त सुटली होती.

टपोरी_टॉर्पेडो:
थोडक्यात, लग्नात मुलीकडच्यांचे नियम लावा नाहीतर मुलाकडच्यांचे, जेवण वेळेवर आलं पाहिजे.

नीरजा_स:
मधला रस्ता डेन्मार्कने काढला. अब्सालोन आणि पुढे इव्हर हुइटफेल्ट, ओडेन्सच्या मर्स्कच्या यार्डात. तिथे कंटेनर जहाजं बांधणारे हात, तीच ब्लॉक पद्धत, काही ब्लॉक एस्टोनिया-लिथुएनियातून आलेले. सांगाडा व्यापारी शिस्तीने. शस्त्रं ठोकळ्यांसारखी चढवता-उतरवता येणारी. ब्रिटिशांची टाइप ३१ याच हुइटफेल्टवरून निघाली. भारतीय उदाहरण हवं तर कामोर्ता वर्ग: किर्लोस्करने परवान्याखाली बनवलेली चार पिएलस्टिक इंजिनं, प्रत्येकी ३,८८८ किलोवॅट. इंजिनाचं मूळ कुळ नागरी, पण बसवणूक लवचीक माउंटवर (धक्का-आवाज शोषणाऱ्या रबरी टेकूंवर) आणि खाली राफ्ट (सामाईक चौकट). खर्च त्या बसवणुकीचा.

आयएनएस दीपक या इटलीत बांधलेल्या तेलवाहू नौकेच्या खरेदीवर कॅगने आक्षेप घेतला, त्यातही एक मुद्दा पोलादाचाच होता, डीएमआर २४९एऐवजी डीएच३६. माझ्या मते तेलवाहू नौकेला डीएच३६ गुन्हा नाही. गुन्हा म्हणजे निविदेत एक लिहून नंतर दुसरं चालवून घेणं.

खलाशी_खिचडी:
वा! पोट भरलं. आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. अर्नाळासारख्या नौकेबद्दल बाहेरच्या माणसाने काय विचारावं? आणि पैसे वाचवायच्या जागा?

शॉकप्रूफ:
"लष्करी का व्यापारी" विचारूच नका. विचारा: ग्रेड एच्या यादीत काय काय आहे? आणि ती यादी शेवटपर्यंत टिकली का? बजेट सुटलं की सगळ्यात आधी यादी आखूड होते, कारण ते बाहेरून दिसत नाही.

वाचवायच्या जागा: लॉन्ड्री, स्वयंपाकघर, केबिनचं फर्निचर, रिव्हर्स ऑस्मोसिसचा एखादा संच, डेकवरची क्रेन, राहण्याच्या भागातली वातानुकूलन यंत्रणा. इथे क्लासचं प्रमाणपत्र असलेलं बाजारातलं घ्या, सुटून उडणार नाही एवढं बांधा. हात लावू नये अशा जागा: समुद्राशी जोडलेल्या झडपा, फायरमेन, भिंतीतली प्रत्येक आरपार जागा, स्विचबोर्ड, स्टिअरिंग, इंजिनाचे माउंट.

माउंटचं एक जवळून सांगतो. उपकरण रबरी माउंटवर बसवलं की त्याला सगळ्या बाजूंनी हलायला मोकळी जागा लागते, बऱ्याचदा ४०-५० मिमी. ड्रॉइंगवर ती असते. मग पायपिंगवाला येतो, लवचीक होजच्या ऐवजी कडक पाइप जोडतो, कारण होज यायला वेळ आहे. इलेक्ट्रिशियन केबल ताठ ओढून क्लिप मारतो, वळसा ठेवत नाही. रंगारी माउंटच्या रबरावर तीन हात रंग देतो. शेवटी कोणी तरी मोकळ्या फटीत पान्ह्यांची पेटी सरकवून ठेवतो. प्रत्येकाने आपलं काम नीट केलंय आणि माउंट मेलं. आता धक्का थेट आत जाणार, आणि शांत फिरायचं ते पाणबुडीविरोधी जहाज आपल्याच इंजिनाचा आवाज पाण्यात सोडणार. अर्नाळाला हे दुसरं जास्त नडेल.

पाईपवाला:
+१. उपाय स्वस्त आहे. तपासनीसाने ५० मिमीचा लाकडी ठोकळा घेऊन फिरायचं. जिथे ठोकळा फिरत नाही तिथे लाल खडू.

खलाशी_खिचडी:
आणि तो शेरा मारणाऱ्याला काय सांगू?

नीरजा_स:
नोटेशन विचारा म्हणावं. शांत होईल.

दर्यावर्दी:
मी शांत झालेलो नाही, नोंद घ्यावी. ब्रिजटन!

टपोरी_टॉर्पेडो:
शेवटचा गंभीर प्रश्न. करडं बीड हद्दपार म्हणता, मग गॅलीत डोशाचा बिडाचा तवा चालतो का?

शॉकप्रूफ:
चालतो. ग्रेड बी. चुलाणाला कठडा लावलेला असतो, तव्याच्या दांड्याला कडी घालून त्यात अडकवा. धक्क्याने तडकला तर तडकू द्या, उडून आचाऱ्याला लागला नाही म्हणजे पास.